उथळ पाण्यात पळायचं तर आउटबोर्ड कसं बसवायचं, सविस्तर

प्रश्न असा आहे की १४ फुटी सपाट तळाची फिशिंग बोट आहे, मागे २० हॉर्सपॉवरचं टिलरवालं (हातातल्या दांड्याने वळवायचं) आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, गुडघाभर पाण्यात गेलं की स्केग (इंजिनचं सगळ्यात खालचं पातं) रेतीत घासतो, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) कडा झिजून गोल झाल्यात, तर जॅक प्लेट (इंजिन बोटीच्या थोडं मागे धरून वरखाली करणारं ब्रॅकेट) घ्यावी का. माझं उत्तर, आत्ता घेऊ नका. आधी टेप घ्या, एक सरळ लांब पट्टी घ्या आणि बोट ट्रेलरवर किंवा किनाऱ्यावर सपाट उभी करून मोजमाप करा, कारण असल्या दहा तक्रारींपैकी बऱ्याचशा नुसत्या उंचीच्या आणि वजनाच्या निघतात, त्यात विकत घेण्यासारखं काही नसतं.

पहिलं हे डोक्यात पक्कं करा की बोटीला पाण्याची खोली तीन वेळी वेगवेगळी लागते. एक, नुसतं उभं राहायला किंवा वल्हवत जायला, इंजिन वर उचललेलं. दुसरी, प्लेनिंगवर आल्यावर, म्हणजे वेगामुळे बोट उचलली जाऊन पाण्यावर घसरायला लागली की, पळायला. आणि तिसरी, थांबलेल्या बोटीला परत प्लेनिंगवर उचलायला. लोक दुसऱ्या आकड्याची फुशारकी मारतात, माझी बोट वीतभर पाण्यात पळते वगैरे, पण अडकवतो तो तिसरा आकडा. थ्रॉटल दिला की नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर येते, मागचा भाग खाली बसतो, आणि नेमकं तेव्हाच पंखा सगळ्यात खोल असतो. समजा तुमचा हल (बोटीचं मूळ अंग) मागच्या बाजूला १५ सेंटिमीटर पाण्यात आहे, बोटीच्या तळापासून स्केगच्या टोकापर्यंत २८ सेंटिमीटर आहे, आणि उठताना मागचा भाग अजून १२ ने बसतो, म्हणजे झाले ५५. तीच बोट पळायला लागली की ३५ मध्ये आरामात जाते. म्हणून सेटिंग करताना मी एकच प्रश्न विचारतो, ही बोट किती कमी पाण्यात परत उठते? जिथून उठता येत नाही तिथे पळत जाऊन काय करणार, मासा लागला, थांबलात, की अडकलात.

आता वजन. याला कुणी हात लावत नाही आणि सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. हिशोब सोपा आहे, पाण्यालगत हलची लांबी गुणिले रुंदी. १४ फुटी सपाट बोटीत ते साधारण ४ मीटर गुणिले १.२ मीटर, पुढची गोलाई वजा केली तर ४.५ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे १ सेंटिमीटर बुडायला ४५ किलो लागतात. हे वजन समान पसरलं तर. पण आपण करतो काय, इंजिन मागे, त्याचे ५० किलो, बॅटरी मागे, तिचे २० किलो, पेट्रोलची २५ लिटरची टाकी मागे, ते भरलेले १८-१९ किलो आणि टाकी वेगळी, आणि चालवणारा माणूस तर टिलरमुळे मागेच बसणार. हे सगळं एकाच टोकाला आलं की सरासरीचा हिशोब गेला, मागचा भाग कितीतरी जास्त खाली जातो आणि पुढचा हवेत. तेव्हा टाकी आणि बॅटरी पुढे न्या, इंधनाची नळी आणि वायर लांब घ्यावी लागेल ती घ्या (बॅटरीची वायर लांबवली की जाडीही वाढवावी लागते, नाहीतर स्टार्टरला करंट कमी पडतो), बर्फाची पेटी मधल्या बाकाच्या पुढे ठेवा, टिलरला एक्स्टेन्शन हँडल लावा म्हणजे तुम्हीही दोन फूट पुढे सरकता. एवढं करून पुन्हा पाण्यात मोजा. फक्त अति करू नका, नाळ जड झाली की लाटेत खाली घुसते आणि वळताना बोट पुढच्या टोकावर फिरायला बघते, तो प्रकार धोक्याचा आहे.

मग शाफ्टची, म्हणजे इंजिनच्या खाली पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची लांबी. शॉर्ट शाफ्ट १५ इंचाच्या ट्रान्समसाठी (बोटीची मागची उभी फळी, जिच्यावर इंजिन बसतं), लाँग २० इंचासाठी, एक्स्ट्रा लाँग २५ साठी. सेकंडहँड इंजिन घेणारे बऱ्याचदा लाँग शाफ्ट कमी उंचीच्या ट्रान्समवर तसंच लटकवतात, चालतं की, म्हणून सोडून देतात. त्यात ५ इंच म्हणजे जवळजवळ १३ सेंटिमीटर लोखंड विनाकारण पाण्यात लोंबतं, पाणी इंजिनवर उडतं, वेग जातो आणि रेती आधी लागते ती वेगळीच. ट्रान्समच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत मोजा, मग इंजिनच्या क्लॅम्पच्या आतल्या बाजूपासून कॅव्हिटेशन प्लेटपर्यंत मोजा (पंख्याच्या वर जी आडवी चपटी प्लेट असते ती). दोन आकडे जवळपास सारखे असायला हवेत. तुमच्यात ५ इंचांचा फरक निघाला तर अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

उंची कशी ठरवायची ते आता नीट सांगतो, हेच मुख्य काम आहे. सरळ पट्टी तळाला टेकवून मागे काढा, इंजिन सरळ उभं ठेवा, म्हणजे प्लेट तळाला समांतर हवी. सुरुवात प्लेट तळाच्या रेषेत ठेवून करायची. इथून पुढे दर वेळी अर्धा इंच, १२ मिलिमीटर, वर घ्यायचं आणि पाण्यात चालवून बघायचं. बोल्टवालं इंजिन असेल तर ब्रॅकेटला भोकांची रांग असते, तिथे पाऊण इंचाच्या टप्प्याने जावं लागतं. क्लॅम्पवालं असेल तर ट्रान्समच्या डोक्यावर कठीण लाकडाची पट्टी ठेवून उचलायचं. पण एक अट, क्लॅम्पचे स्क्रू पूर्णपणे ट्रान्समवरच बसले पाहिजेत, पट्टीवर नाहीत. तेवढी उंची मिळत नसेल तर ट्रान्सम नीट बांधून वाढवा, आतून जाड प्लेट आणि आरपार स्टेनलेस बोल्ट टाकून. नुसत्या पट्टीच्या भरवशावर २० हॉर्सपॉवरचं इंजिन ठेवायचं नाही, आणि सेफ्टी चेन लावल्याशिवाय तर पाण्यातच उतरायचं नाही.

चाचणी मात्र खोल, मोकळ्या पाण्यात करा, उथळात नाही. एक माणूस चालवायला, दुसरा बघायला. फुल थ्रॉटलवर सरळ पळवा आणि प्लेटकडे बघा. पाणी प्लेटच्या वरून जाड थराने वाहत असेल तर इंजिन अजून खाली आहे, प्लेट पाण्याच्या पृष्ठभागावर चाटत चालली की बरोबर. मागून निघालेलं पाणी तळाच्या रेषेपेक्षा थोडं वर उठतं, त्यामुळे प्लेट तळापेक्षा वर असूनही पंखा पाण्यातच राहतो, फायदा आपण तिथूनच काढतोय. मग जोरात वळून बघा, दोन्ही बाजूंना. वळताना इंजिनची रेस एकदम वाढली आणि बोटीचा जोर गेला तर पंखा वरून हवा ओढतोय. मग उभ्या बोटीवरून एकदम थ्रॉटल देऊन उठवा, तिथे पंखा घसरला तर तुमच्या कामाच्या दृष्टीने ती उंची बादच, कारण आपल्याला उठायचंच महत्त्वाचं आहे. ज्या उंचीवर घसरायला लागलं तिथून एक टप्पा खाली या. माझ्या अनुभवात साध्या सपाट बोटी तळापेक्षा इंचभर वर आल्या की बऱ्यापैकी जागेवर बसतात, पण हा आकडा डोळे मिटून घेऊ नका, प्रत्येक हलचं पाणी वेगळं. आणि चाचणी रिकाम्या बोटीवर करून उपयोग नाही, जेवढी माणसं, जेवढा बर्फ, जेवढं पेट्रोल रोज असतं तेवढं भरूनच करा.

उंची थोडी वाढवली की लगेच हवा ओढतं अशी तक्रार असेल तर इंजिनला दोष देण्याआधी तळाखाली वाकून बघा. मधोमध कीलची पट्टी थेट ट्रान्समपर्यंत आलीय का? ती आपल्या मागे बुडबुड्यांचं पाणी सोडते आणि ते सरळ पंख्यात जातं. ती ट्रान्समच्या फूटभर आधीपासून निमुळती करत आणली की बरंच सुधारतं. फिशफाइंडरचा ट्रान्सड्यूसर पंख्याच्या बरोबर समोर लावला असेल तर तोही बाजूला सरकवा.

इंजिन किती वर घ्यायचं याची खरी मर्यादा पंखा नसून कूलिंगचं पाणी आहे, आणि हे लोक विसरतात. पाणी ओढायची जाळी तुमच्या इंजिनात कुठे आहे ते आधी शोधा, कुणात प्लेटच्या लगेच खाली बाजूला असते, कुणात अजून खाली गियरकेसच्या नाकाकडे. प्लेटला लागून असेल तर जास्त वर नेताच ती पाण्याबाहेर श्वास घेते आणि पंपात हवा जाते. मागून पडणारी धार दर वेळी बघत चला, ती तुटक झाली किंवा वाफाळती आली की लगेच थांबा. पण धार चांगली आहे म्हणजे सगळं ठीक असंही धरू नका, धार एवढंच सांगते की पंप पाणी टाकतोय, आतल्या थर्मोस्टॅटचं किंवा वाटा बुजल्याचं ती सांगत नाही. इंजिनला जागा असेल तर वॉटर प्रेशर गेज लावून टाका, उथळात पळणाऱ्याला मी जॅक प्लेटच्या आधी हेच घ्यायला सांगेन.

रेतीच्या पाण्यात पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) फार लवकर झिजतो. मॅन्युअलमध्ये काहीही मुदत असू दे, तुम्ही दरवर्षी बदला, सोबत तो ज्या कपात फिरतो तो कप आणि खालची स्टीलची पट्टीही तपासा, त्यावर ओरखडे पडले असतील तर नुसता नवा इम्पेलर टाकून प्रेशर येत नाही. बसवताना साबणाचं पाणी लावायचं आणि बहुतेक इंजिनांत वरून बघताना घड्याळाच्या दिशेने शाफ्ट फिरवत दाबायचं, म्हणजे पाती बरोबर दिशेला वळतात, उलटं फिरवायचं नाही. शाफ्टवरची छोटी चावी हरवू नका, ती नसली तर इम्पेलर नुसता बसून राहतो आणि शाफ्ट एकटाच फिरतो. पाण्याची धार एकदम बंद झाली तर बऱ्याचदा बाहेरच्या तोंडात वाळूचा खडा असतो, बारीक तारेने किंवा जाड नायलॉनच्या दोऱ्याने तो निघतो. घरी आलात की गोड्या पाण्याने दहा मिनिटं फ्लश, हे रोजचं.

पंखा. उंची वाढवल्यावर जुना पंखा घसरायला लागतो, कारण पाण्यावरची पकड कमी होते. इथे कप असलेला पंखा कामाला येतो, म्हणजे पात्यांच्या मागच्या कडेला थोडा वळसा दिलेला. चार पात्यांचा घेतला तर मागचा भाग वर उचलला जातो, उठणं सोपं होतं, वरचा वेग थोडा जातो, तो जाऊ द्या. पिच (एका फेरीत पंखा हिशोबाने जेवढा पुढे जातो ते अंतर) एक-दोन इंच कमी केला तरी उठायला जोर मिळतो. पण टॅकोमीटर (आरपीएम, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्या दाखवणारा काटा) लावून बघितल्याशिवाय पंखा बदलू नका. इंजिनच्या पुस्तकात फुल थ्रॉटलची आरपीएम रेंज दिलेली असते, २० हॉर्सपॉवरच्या फोर स्ट्रोकमध्ये बहुतेक ५००० ते ६००० च्या दरम्यान, तुमच्या बोटीचा नेहमीचा माल भरून इंजिन त्या रेंजच्या वरच्या अर्ध्यात जायला हवं. पिच १ इंच कमी केला की साधारण २०० आरपीएम वाढतात, त्या हिशोबाने ठरवा. रेंजच्या खाली राहिलं तर इंजिन ओझ्याने दमतं, वर गेलं तर लिमिटर (जास्त फेऱ्या अडवणारी यंत्रणा) कापतो आणि इंजिनचं आयुष्य कमी होतं.

स्टेनलेस की अॅल्युमिनियम, यावर लोक तासन्‌तास बोलतात. रेती आणि चिखल असेल तर स्टेनलेस टिकतं, कडा लवकर झिजत नाहीत, आणि पातं वाकत नसल्यामुळे पकडही चांगली. दगड असतील तर मी छोट्या इंजिनला अॅल्युमिनियमच लावतो, कारण दगडावर काहीतरी तुटणारच आहे, ते गियरपेक्षा पंखा असलेला बरा. तुमच्या झिजलेल्या पंख्याच्या कडा कानसने सरळ करता येतात, पण तिन्ही पात्यांवर सारखंच काढा, नाहीतर थरथर सुरू होते आणि ती सीलला खाते.

ट्रिमबद्दल, म्हणजे इंजिन ट्रान्समपासून किती कलतं ठेवायचं. छोट्या इंजिनात ब्रॅकेटला भोकं असतात आणि त्यात एक पिन असते. उथळात उठायचं असेल तर पिन आतल्या बाजूच्या भोकात, म्हणजे इंजिन ट्रान्समला जवळ. त्याने ढकलणं नाळेला खाली ठेवतं आणि मागचा भाग कमी बसतो. लोक उलटं करतात, इंजिन बाहेर काढतात म्हणजे स्केग वर येईल, स्केग थोडा वर येतोही, पण नाळ आभाळाकडे आणि मागचा भाग खाली, सगळी कमाई गेली. पॉवर ट्रिम असेल तर आत घेऊन उठायचं, प्लेनिंगवर आल्यावर हळूहळू बाहेर, आणि नाळ वरखाली उड्या मारायला लागली की थोडं परत आत.

बऱ्याच छोट्या इंजिनांना शॅलो वॉटरचा लिव्हर असतो, त्यात इंजिन अर्धं तिरकं उचलून राहतं. ते फक्त हळू चालण्यासाठी आहे, त्या स्थितीत थ्रॉटल देऊन पळवायचं नाही. लावताना न्यूट्रलमध्ये लावा. आणि त्यात रिव्हर्स घेताना जपून, तेव्हा खालचा लॉक धरत नाही, पंख्याच्या ओढीनेच इंजिन वर उचलून पाण्याबाहेर येऊ शकतं. पाणी ओढायची जाळी पाण्यात आहे ना तेही तेव्हाच बघा.

मग जॅक प्लेट कधी? हे सगळं झाल्यावर, आणि पाणी सतत बदलत असेल तर, म्हणजे सकाळी खोल लाटेत जायचं आणि दुपारी उथळात, तेव्हा चालत्या बोटीत उंची बदलता येणं खरंच उपयोगी आहे. पण तिचा हिशोब बघा. इंजिन मागे नेल्याने जी उंची फुकट मिळते ती साधारण दर ८ ते १० इंच मागे गेल्यावर १ इंच. छोट्या बोटीला ६ इंचाची प्लेट बसते, म्हणजे पाऊण इंचही नाही. त्या बदल्यात ५० किलोचं इंजिन ६ इंच मागे गेलं, वर प्लेटचं स्वतःचं वजन, ट्रान्समवर तरफेचा ताण वाढला, आणि टिलर तुमच्यापासून लांब गेला. १४ फुटीत मागचा भाग जेवढा खाली जातो त्यातच मिळालेली उंची खाल्ली जाते. मोठ्या बोटीला, स्टिअरिंगवाल्याला, तळाला टनेल (मागच्या बाजूला बोगद्यासारखी खाच) असलेल्याला ती शोभते. टनेलमध्ये पाणी वर चढून पंख्याला मिळतं, त्यामुळे इंजिन खूप वर घेता येतं, तिथे प्लेटशिवाय पूर्ण फायदा निघत नाही. आणि लावायचीच असेल तर आधी ट्रान्सम हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा, आवाज भरीव न येता दबका आला तर आतला प्लायवूड कुजलाय, तो आधी बदला.

जेट फूट (पंख्याऐवजी पाण्याचा झोत मारणारा खालचा भाग) लावतात काही जण, खाली काहीच लोंबत नाही हे खरं, दगडाळ नदीला चांगलं, पण ताकद जवळजवळ ३० टक्के जाते आणि पाणगवतात जाळी बुजते. गवत आणि गाळच जास्त असेल तर लाँगटेल (लांब दांड्याच्या टोकाला पंखा असलेलं) बरं, हवेने थंड होणारं इंजिन, पाणी ओढायची भानगडच नाही, फक्त वेग विसरायचा.

चालवण्याबद्दल दोनच गोष्टी. उथळात एक तर अगदी हळू जा, नाहीतर पूर्ण प्लेनिंगवर. मधला वेग सगळ्यात वाईट, नाळ वर, मागचा भाग खाली, पंखा तळात. पाणी कमी होत चाललं की घाबरून एकदम थ्रॉटल सोडू नका, बोट खाली बसते आणि स्वतःचीच लाट मागून येऊन ढकलते, आधी खोल बाजूला वळा. आणि किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी अंगाला, नेहमी. स्केग कठीण तळाला लागला की बोट जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. पाण्याखालच्या गवताच्या पट्ट्यावरून पंखा घासत उठू नका, मुळं कापली की ते चर भरायला कित्येक वर्षं लागतात आणि लहान मासा तिथेच वाढत असतो, इंजिन वर घ्या आणि काठीने ढकलत खोलीपर्यंत या. भरतीला आत गेला असाल तर ओहोटीची वेळ बघूनच जा.

रेतीत पूर्ण रुतलात तर रेस वाढवून निघायचा प्रयत्न करू नका, पंप सगळी रेती आत ओढतो. इंजिन बंद, वर उचला, माणसं पुढे किंवा खाली उतरवा, ढकला.

बोटीत एक सुटा पंखा, नट, कॉटर पिन, पाना आणि शिअर पिनवालं इंजिन असेल तर मूठभर शिअर पिना ठेवा. त्या पिनेच्या जागी लोखंडी खिळा किंवा बोल्ट कापून घालतात लोक, तसं कधीच नको, पिन तुटण्यासाठीच केलेली असते, ती नाही तुटली की गियर तुटतो. पंखा काढलात की शाफ्टवर मासेमारीची दोरी गुंडाळलीय का बघा, ती सील कापते आणि गियर ऑइल दुधाळ होतं. ऑइल भरताना खालच्या भोकातून भरायचं, वरच्यातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे हवा अडकत नाही.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: शाफ्ट मोजा, वजन पुढे न्या, उंची अर्ध्या इंचाने वाढवत चाचणी, मग पंखा. नवी उंची बसवल्यावर पहिल्या काही फेऱ्यांनंतर क्लॅम्प आणि बोल्ट परत आवळा, लाकडाची पट्टी दबते आणि ते ढिले होतात, आणि इंजिन पूर्ण वर उचलून दोन्हीकडे वळवून बघा की इंधनाची नळी आणि वायर कुठे ताणत नाहीत.